ओळंब्यातली मान

मान दुखते म्हटले की दोन उपदेश एका दमात मिळतात: ताठ बसा, आणि मानेचे व्यायाम करा. शेजारच्या काकू, ऑफिसमधला जिमला जाणारा सहकारी, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ, सगळे हे दोन्ही जोडूनच सांगतात. जणू एकाच औषधाची ती दोन नावे. त्यामागची समजूत अशी: स्नायू कमजोर म्हणून मान पुढे येते, पुढे येते म्हणून दुखते, स्नायू बळकट झाले की ती जागेवर जाईल आणि जागेवर गेली की दुखणे थांबेल. साखळी ऐकायला चोख आहे, म्हणूनच ती कुणी ओढून पाहत नाही.

माझे म्हणणे असे की या साखळीची दोन्ही टोके सुटी करून पाहायला हवीत. ताकद वाढवल्याने बऱ्याच जणांची जुनाट मानदुखी कमी होते, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. पण दुखणे मान सरळ झाल्यामुळे कमी होते, याला पुरावा नाही. ‘योग्य ठेवण’ नावाचा एकच आकार आहे आणि त्यात मान बसवली की ती दुखणार नाही, ही कल्पना तर बहुतांशी पोकळ आहे. मानेचा प्रश्न आकाराचा कमी आणि क्षमतेचा जास्त आहे. हा फरक शब्दांचा खेळ नव्हे; माणूस रोज काय करणार आणि कशाला घाबरणार, ते त्यावर ठरते.

इथे मी बोलतो आहे ती नेहमीची मानदुखी, जिच्यामागे मोडलेले हाड, संसर्ग, गाठ किंवा दबलेला मज्जारज्जू नसतो. बहुतेक मानदुखी याच जातीची असते. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती, असा अंदाज आहे.

१. ओळंबा कुठून आला

गवंडी भिंत उभारताना ओळंबा सोडतो. शरीराची ठेवण तपासायला शिकवणारी पाठ्यपुस्तकेही तेच करतात. माणसाला बाजूने उभे करायचे, ओळंबा सोडायचा आणि कान, खांदा, खुबा, गुडघा, घोटा एका रेषेत येतात का ते पाहायचे. रेषेबाहेर पडेल तो दोष. मापनाची सोय म्हणून ही रेषा ठीक आहे. पण भिंत हलत नाही आणि माणूस हलतो, हा बारीकसा तपशील तिच्यात मावत नाही.

शिवाय या रेषेत फार लवकर नीती मिसळली. अमेरिकेत १९१४ साली ‘अमेरिकन पोश्चर लीग’ नावाची संस्थाच निघाली आणि ताठ उभे राहणे ही चांगल्या नागरिकाची खूण ठरली. आपल्याकडे ते काम शाळेच्या कवायतीने आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ने केले. ताठ म्हणजे शिस्त, पोक म्हणजे आळस. भाषाही त्याच बाजूची: मान ताठ ठेवणे हा स्वाभिमान आणि मान खाली घालणे ही शरम. त्यामुळे मान दुखू लागली की माणसाला पहिल्यांदा वाटते, आपलेच काहीतरी चुकले. एरवी कुठलाही डॉक्टर दोष आपल्यावर टाकू लागला तर आपण वाद घालतो. इथे मात्र मुकाट्याने मान डोलावतो, दुखत असली तरी.

२. सत्तावीस किलोंचा धाक

ठेवणीच्या भीतीला आकडा मिळाला तो २०१४ साली. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी संगणकावर मानेचे प्रारूप मांडून हिशेब केला: डोके सरळ असताना मानेवर साधारण ५ किलो भार येतो आणि ते ६० अंशांत झुकले की भार सुमारे २७ किलो होतो. मोबाइलवर झुकलेल्या माणसाचे ते चित्र जगभर गेले. ‘टेक्स्ट नेक’ हा शब्द आधीच रुळू लागला होता. आता त्याला वजनही आले.

तरफेचे गणित चूक नाही. पण त्या हिशेबात एकही रुग्ण नव्हता आणि दुखणे मोजलेलेही नव्हते. भार वाढतो एवढेच त्यातून सिद्ध होते. भार वाढला म्हणजे इजा झाली, हे पुढचे पाऊल वाचणाऱ्यांनी स्वतःहून टाकले. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. म्हणून कुणी सोसायटीत ‘जिना वापरणे धोक्याचे’ अशी पाटी लावत नाही. उलट गुडघे चालते राहावेत म्हणून लिफ्ट टाळायला सांगतात. हाड, स्नायू आणि स्नायूबंध या जिवंत वस्तू आहेत. भार मिळाला तर त्या घट्ट होतात, न मिळाला तर विरतात. अंतराळात काही महिने राहून आलेल्यांची हाडे विरळ होतात ती याच कारणाने. तेव्हा ‘मानेवर किती किलो’ हा प्रश्नच अपुरा आहे. त्या मानेला किती सवय आहे, भार किती वेळ टिकतो आणि मध्ये विसावा किती, हे विचारल्याशिवाय किलोंना अर्थ नाही.

३. वाकलेली पण न दुखणारी

हिशेब बाजूला ठेवून माणसांकडे पाहू. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ इथे एका मोठ्या गटाचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. त्यातल्या १७ वर्षांच्या ११०८ मुलामुलींचे बसलेले असताना बाजूने फोटो काढले आणि ठेवणीनुसार त्यांचे चार गट पाडले. २०१६ साली आलेला निष्कर्ष असा की कोण कुठल्या गटात आहे याचा मानदुखीशी संबंध दिसला नाही. खांदे पाडून, मान पुढे काढून बसणाऱ्यांत उदासीची लक्षणे मात्र थोडी जास्त होती. ठेवण काही सांगत असेल तर ती मणक्यापेक्षा मनाबद्दल सांगत असावी. याच गटातल्या मुलांना २२व्या वर्षी पुन्हा विचारले, तेव्हा निकाल आणखी गमतीदार आला. १७व्या वर्षी पोक काढून बसणाऱ्या मुलींना पुढे टिकून राहणारी मानदुखी होण्याची शक्यता ताठ बसणाऱ्या मुलींपेक्षा कमी होती. मुलग्यांत फरक नव्हता. यावरून ‘पोक काढा’ असा नवा उपदेश करायचा नाही. पण ‘ताठ बसली नाहीस तर पुढे मान धरेल’ असे मुलीला बजावणाऱ्या आईला यातून काहीही आधार मिळत नाही, एवढे नक्की.

ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या एका शाळेतल्या १८ ते २१ वयाच्या १५० विद्यार्थ्यांवर झालेला २०१८चा अभ्यासही याच वळणावर गेला. मोबाइल पाहताना कुणाची मान किती झुकते आणि कुणाची दुखते, यांचा मेळ बसला नाही.

दुसरी बाजू लपवत नाही. प्रौढांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली पाहिले, तेव्हा मान दुखणाऱ्यांचे डोके सरासरीने थोडे अधिक पुढे आढळले. पण आधी काय आणि मागून काय, हे अशा एकाच वेळी घेतलेल्या मोजमापातून कळत नाही. पाय मुरगळलेला माणूस लंगडतो, आणि लंगडल्याने पाय मुरगळला असे आपण म्हणत नाही. दुखरी मान माणूस सांभाळून, अवघडून धरतो; वयानेही डोके पुढे येते आणि वयाने दुखण्याचे प्रसंगही साचतात. मुलांमध्ये तो संबंध दिसला नाही आणि पर्थच्या मुलांचा पाच वर्षे पाठपुरावा करूनही ताठपणाने कुणाला वाचवल्याचे दिसले नाही. पारडे कुठे झुकते ते उघड आहे.

४. ताकदीचे खाते

आता दुसरे टोक. २००३ साली फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, जुनाट मानदुखीच्या १८० स्त्रियांवर वर्षभराचा प्रयोग झाला. एका गटाने रबरी पट्टा डोक्याला लावून मानेच्या स्नायूंची ताकद वाढवली. दुसऱ्या गटाने हलके पण पुष्कळ वेळा करायचे व्यायाम केले. तिसऱ्याला ताणाचे व्यायाम आणि चालण्यापोहण्यासारख्या हालचालींचा सल्ला मिळाला. तो पहिल्या दोघांनाही होताच. वर्षानंतर बराच किंवा पूर्ण आराम पडल्याचे पहिल्या गटात ७३ टक्के, दुसऱ्यात ५९ टक्के आणि तिसऱ्यात २१ टक्के स्त्रियांनी सांगितले.

हे आकडे नीट वाचावेत असे आहेत. आपल्याकडे ‘मानेचे व्यायाम’ म्हणजे बहुधा तिसऱ्या गटाचा व्यायाम: मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, मग गोल. तो वाईट नाही, पण त्याने स्नायूला काही जास्तीचे पेलावे लागत नाही. खरा फरक पडला तो विरोध देणाऱ्या, हळूहळू वाढत जाणाऱ्या व्यायामाने.

दुसरा प्रयोग डेन्मार्कचा, २०११चा. मान आणि खांदे वारंवार दुखणारे १९८ ऑफिस कर्मचारी. रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाने रोज १२ मिनिटे केले, दुसऱ्याने फक्त २ मिनिटे. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दहाच्या मापावर दुखणे अनुक्रमे १.९ आणि १.४ गुणांनी उतरले. दोन मिनिटांत एवढे पदरी पडते. इथे मानेला हातही लावलेला नाही. काम केले ते खांद्यावरून मानेत चढणाऱ्या ट्रॅपिझियस या स्नायूने आणि त्याच्या सोबत्यांनी. दोन्ही प्रयोगांत कुणाला ओळंब्यात आणायचा कार्यक्रम नव्हता, हे माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचे.

५. मग ताकद नेमके काय करते

याचे पक्के उत्तर एका वाक्यात देता येत नाही. जो देतो तो काहीतरी विकत असतो. पण तीन धागे धरता येतात.

पहिला धागा हिश्शाचा. खांदे उचलून, हात पुढे धरून टाइप करणे हे स्नायूच्या कमाल ताकदीच्या मानाने क्षुल्लक काम असते, पण ते संपत नाही. गोरान हेग या स्वीडिश संशोधकाने १९९१ साली एक कल्पना मांडली: हलक्या कामात स्नायूतले काही बारीक तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि सर्वांत शेवटी सुटतात. बाकीचे विश्रांती घेत असताना हे राबतच राहतात. त्यांना त्याने सिंड्रेला म्हटले. आपल्याकडे सासुरवाशीण म्हटले असते. ही कल्पना पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण तिच्यातून एक साधी गोष्ट दिसते. स्नायूची एकूण ताकद वाढली की तेच काम तिचा लहान हिस्सा होऊन बसते.

दुसरा धागा मज्जासंस्थेचा. दुखणे म्हणजे इजेचे मीटर नव्हे. महिनोन्‌महिने दुखलेल्या मानेत धोक्याचा इशारा देणारी यंत्रणाच हळवी होते आणि साध्या हालचालीलाही ओरडते. नियमित व्यायामाने ही हळवेपणाची पातळी उतरते, असे पुष्कळ जणांत दिसते.

तिसरा धागा मला सर्वांत मोलाचा वाटतो: भीती. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे ऐकलेला माणूस मान काचेच्या भांड्यासारखी वागवू लागतो. वळून पाहायचे तर अख्खे अंग वळवतो, गळ्यातला पट्टा आठवडेच्या आठवडे काढत नाही, पोराला उचलणे सोडतो. त्या न वापरण्याने मान आणखी दुबळी होते. व्यायामाच्या रबरी पट्ट्याला विरोध देऊन डोके मागे रेटताना त्याला कळते की ही मान बऱ्यापैकी सोसू शकते. ताठ बसण्याच्या उपदेशाने नेमके उलटे घडते. तो मानेवर चोवीस तास पहारा बसवतो.

६. ठेवण परत येते, पण दुसऱ्या दाराने

याचा अर्थ कसेही बसा, काही बिघडत नाही, असा नाही. ठेवणीत महत्त्वाचा आहे तो तिचा काळ. थायलंडमध्ये मान दुखत नसलेल्या, पण दुखण्याचा धोका जास्त असलेल्या १९३ ऑफिस कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. एका गटाला मधूनमधून उठायची आठवण दिली जाई, दुसऱ्याला बसल्या जागी अंग इकडून तिकडे हलवायची. तिसऱ्याला काहीच नाही. वर्षभरात पहिल्या दोन्ही गटांत १७-१७ टक्क्यांना नव्याने मानदुखी झाली. तिसऱ्यात ४४ टक्क्यांना. कुणालाही ‘योग्य’ बसवले नव्हते, फक्त बदलायला लावले होते.

म्हणून दहा हजारांच्या खुर्चीत सलग चार तास ताठ बसणाऱ्यापेक्षा सोफ्यावर लोळत, कूस बदलत काम करणारा कदाचित बरा. फर्निचरवाल्यांनी हे मनावर घेऊ नये. आणि हाताला टेकू मिळाला तर मान-खांद्यांना उसंत मिळते, हे खुर्चीच्या बाजूने सांगायला हवे.

७. दोन आक्षेप

‘मी ताठ बसलो की मला लगेच बरे वाटते, ते खोटे का?’ मुळीच नाही. बराच वेळ वाकून बसलेला माणूस ताठ झाला तर बदलाने बरे वाटते, आणि बराच वेळ ताठ बसलेला रेलला तरी बरे वाटते. ज्याला ठराविक स्थितीत नेमके दुखते, त्याने ती स्थिती काही दिवस टाळावी यातही शहाणपण आहे. पण ही तात्पुरती सोय झाली. मुरगळलेल्या पायाला काठी देतात, म्हणून काठी हा चालण्याचा आदर्श ठरत नाही.

‘पण माझ्या एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते. व्यायाम करून ती आत जाणार का?’ बहुधा नाही, आणि बहुधा जायची गरजही नसते. जपानमध्ये मानेची कसलीही तक्रार नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्क्यांच्या गाद्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या तरुणांतही बहुतेकांच्या. पांढऱ्या केसांना आजार म्हणत नाहीत. अहवालातले बरेच शब्द त्याच मोलाचे असतात, पण मोठ्या लिफाफ्यातून येतात म्हणून धसका देतात.

पुराव्याची पातळी मध्यम आहे, हेही मान्य करतो. कॉक्रेन या संस्थेच्या २०१५च्या आढाव्यात २७ प्रयोग तपासले आणि जुनाट मानदुखीत बळकटीच्या व्यायामाचा फायदा मध्यम खात्रीने सांगता येतो, असे म्हटले. उच्च खात्रीचा पुरावा कुठेच सापडला नाही. दुखणे परत येण्याचे प्रमाणही मोठे आहे. एकदा मान धरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना पुढच्या काही वर्षांत ती पुन्हा त्रास देते. व्यायाम म्हणजे एकदा घेऊन मोकळे व्हायची लस नव्हे.

८. किती, कसा आणि केव्हा नाही

वर सांगितलेला हात उचलण्याचा व्यायाम सुरुवातीला पुरे. शेवटच्या चारपाच वेळा जड जातील इतका विरोध असावा आणि सोपे वाटू लागले की नळी जाड घ्यावी. दहा आठवड्यांआधी निकाल लावू नये. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालते. ते रात्रीपर्यंत वाढत गेले किंवा सकाळीही तसेच राहिले तर मात्रा कमी करावी. गेल्या आठवड्यातच मान अवघडली असेल तर शेक आणि जमेल तेवढी हालचाल बास. अशी मान बहुधा आपोआप सुटते.

काही वेळा मात्र व्यायाम नको, डॉक्टर हवा: हातातली ताकद जाऊ लागली, शर्टाची बटणे लावताना बोटे गोंधळू लागली, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो, ताप आहे, वजन कारणाशिवाय उतरते आहे, किंवा दुखणे पडल्यावर वा अपघातानंतर सुरू झाले आहे. यातले काहीही असेल तर रबरी नळी बाजूला ठेवावी.

९. हजार विड्यांचा हिशेब

सर्वांत जड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ताकदीनेच मान वाचत असती, तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईची मान महाराष्ट्रात सर्वांत सुखी असायला हवी होती. तिच्याइतकी बळकट मान हिंजवडीच्या एखाद्या जिममध्येही सापडणार नाही. शिवाय डोक्यावर ओझे असताना वाकून चालताच येत नाही. म्हणजे ओळंबाही तिच्याकडे आहे. घानातल्या अक्रा शहरात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे काढले, तेव्हा त्यांच्या मणक्यांची झीज इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसली. झीज म्हणजे दुखणे नव्हे, हे वरच लिहिले आहे. तरीही कुणी त्या बाईला ‘ताकद वाढव’ म्हणाले, तर ती हसेल.

क्षमतेला एक जोडीदार लागतो, तो म्हणजे मागणी. जिममधला माणूस भार स्वतः ठरवतो, दमला की थांबतो, दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतो आणि पोटभर जेवतो. ताकद त्या थांबण्यातच तयार होते. मोळी उचलणारीला भार ठरवता येत नाही आणि थांबताही येत नाही. उचल घेतलेली असते आणि ती ऊस तोडूनच फेडायची असते. सोलापूरची विडी कामगार उलट्या टोकाला आहे. तिच्या मानेवर ओझे जवळजवळ नाहीच. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पाने, आणि नजर तासन्‌तास बोटांवर. तिचे अंग हलतच नाही.

तिला मी थायलंडचा प्रयोग सांगू शकतो: मधूनमधून उठ. डेन्मार्कचाही सांगू शकतो: दोन मिनिटे पुरतात. पण त्या दोन्ही प्रयोगांत उठणाऱ्याचा पगार कापला जात नव्हता. विडीची मजुरी हजारावर मिळते. ती जेव्हा उठते, तेव्हा हजार पुरे व्हायला तेवढाच उशीर होतो. तिच्या मानेवरच्या उपायाचा खर्च कुणी सोसायचा, हे फिजिओथेरपिस्टच्या खोलीत ठरत नाही; ते मजुरीचे दर जिथे ठरतात तिथे ठरते.